बालसरस्वती : सदिरचा वारसा जपणारी नर्तकी

कांचीपुरमच्या एका मंदिरात १९२५ साली सात वर्षांच्या मुलीचे पहिले नृत्य झाले. त्या काळी या नृत्याला सदिर म्हणत. भरतनाट्यम हे नाव रूढ व्हायला अजून अवकाश होता आणि हे नृत्य करणाऱ्या स्त्रियांकडे मद्रासचा प्रतिष्ठित समाज तिरस्काराने पाहू लागला होता. ती मुलगी म्हणजे तंजावर बालसरस्वती.

त्यांचा जन्म १३ मे १९१८ रोजी मद्रासमध्ये झाला. आजी वीणा धनम्माळ या थोर वीणावादक, तर आई जयम्माळ गायिका. त्यांच्या पूर्वज पापम्माळ अठराव्या शतकात तंजावरच्या दरबारात होत्या. तेव्हा तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार बंधूंनी नृत्याच्या कार्यक्रमाला जो क्रम दिला, तोच आजही भरतनाट्यमच्या मंचावर दिसतो. मराठी रसिकांना याचा बहुधा विसरच पडला आहे!

गुरू कंदप्पा पिळ्ळै यांची शिस्त कठोर होती. गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत उभे राहायचे आणि प्रत्येक अडवू तीन लयींत पक्का करायचा, ही त्यांची तालीम. मात्र बालसरस्वतींचे खरे सामर्थ्य अभिनयात होते. पदाची एकच ओळ पुनःपुन्हा घेऊन, प्रत्येक वेळी तिचा नवा अर्थ त्या जागच्या जागी उलगडत. पुष्कळदा त्या स्वतः गातही. संगीत अंगात मुरल्याशिवाय हे साधत नाही, आणि ते तर त्यांना घरातच मिळाले होते.

१९३० च्या दशकात उच्चवर्णीय घरांतील मुली या नृत्याकडे वळल्या. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये कलाक्षेत्र स्थापन केले. कलेला प्रतिष्ठा मिळाली हे खरे. पण ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या मात्र मागे पडल्या. १९४७ च्या मद्रास कायद्याने मुलींना देवदासी म्हणून वाहण्यास आणि मंदिरातील नृत्यास बंदी घातली. नृत्यातील शृंगार सौम्य करावा, असा नव्या मंडळींचा आग्रह होता. बालसरस्वतींनी तो कधीच मानला नाही. शृंगार हाच भक्तीचा सर्वोच्च आविष्कार, या मतावर त्या अखेरपर्यंत ठाम राहिल्या. नृत्याच्या क्रमाला त्या मंदिराची उपमा देत : अलारिप्पु म्हणजे गोपूर, जतिस्वरम आणि शब्दम म्हणजे मंडप, मग वर्णम, आणि पदमपाशी पोहोचल्यावर गर्भगृहातील शांतता. या मांडणीत शृंगाराची पदे थेट देवापाशी येतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

प्रकृती खालावली, कार्यक्रम रोडावले. १९५३ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीत त्यांची नृत्यशाळा सुरू झाली. १९६१ साली टोकियो, १९६२ साली अमेरिका, पुढच्या वर्षी एडिंबरा असा प्रवास घडला आणि परदेशी रसिक थक्क झाले. १९७३ मध्ये संगीत कलानिधी हा संगीतातील सन्मान त्यांना, एका नर्तकीला, लाभला. १९७७ मध्ये पद्मविभूषण मिळाले.

किशोरवयात कोलकात्यात त्यांचे नृत्य पाहिलेल्या सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये ‘बाला’ हा अर्ध्या तासाचा माहितीपट केला. तोवर बालसरस्वतींनी साठीकडे वाटचाल सुरू केली होती. ९ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. ऐन उमेदीच्या काळातील त्यांचे नृत्य पाहणारे प्रेक्षक आता उरलेले नाहीत. उरला आहे तो रायांच्या माहितीपटात समुद्रकिनारी, वाऱ्यावर फडफडणारा पदर सावरत त्यांनी केलेला कृष्णाच्या पदावरील अभिनय.