विश्लेषण : पेणच्या विनोबांच्या युद्धविरोधाचा ख्रिस्ती विचाराशी संबंध काय?

पनवेल-रोहा मार्गावर पेणच्या आधी जिते स्टेशन लागते. याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतलाच उतरून काशीला गेले. (परीक्षा चुकवण्याचे इतके मोठे कारण आमच्या बॅचमध्ये कुणाकडे नव्हते!) त्याच वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात आले.

ब्रिटिशांनी भारताला न विचारता दुसऱ्या महायुद्धात ओढले, तेव्हा गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिले नाव विनोबांचे निवडले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला ते युद्धाविरुद्ध बोलले. २१ तारखेला अटक, तीन महिन्यांची कैद.

यात ख्रिस्ती विचार कुठून आला? शस्त्र उचलू नये, ही येशूची शिकवण टॉलस्टॉय यांनी शब्दशः मानली आणि युद्धाची पाठराखण करणाऱ्या चर्चवर टीका केली. १९०१ मध्ये रशियन चर्चने त्यांना बहिष्कृत केले. त्यांच्या लेखनाचा गांधीजींवर खोल परिणाम झाला होता. विनोबांनीही पुढे बायबलचा अभ्यास करून ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले.

खटकते ते वेगळेच. त्याच युद्धात ब्रिटनमध्ये क्वेकर पंथीयांसारख्यांना सद्सद्विवेकाच्या आधारे लढायला नकार देण्याची कायद्यात सोय होती. भारतात सक्तीची भरती नव्हती, त्यामुळे विरोध नोंदवायचा तो बोलूनच. आणि बोलले की तुरुंग. सुटल्यावर विनोबा पुन्हा बोलले. १९४०-४१ मध्ये ते तीनदा आत गेले.