राइटसाहेबांचे गिनीपिग

इंजिनिअरिंगच्या मासिकात गाई-वासरांचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण मी ज्यांच्याविषयी लिहितोय ते सूअल राइट तरुणपणी रेल्वेच्या सर्व्हेचं काम करत होते. त्यांचा धाकटा भाऊ थिओडोर तर विमानांचा इंजिनिअर. उत्पादन दुप्पट झालं की दर विमानामागचे श्रम ठराविक प्रमाणात घटतात, हा १९३६ सालचा नियम त्याचाच!

सूअल यांचा जन्म २१ डिसेंबर १८८९ चा, अमेरिकेतला. वडील लोम्बार्ड कॉलेजात शिकवायचे, मुलगाही तिथंच शिकला. १९१५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली आणि लगेच कृषी खात्यात नोकरी लागली. तिथं १९०६ पासून एक प्रयोग चालू होता. गिनीपिगच्या सख्ख्या बहीण-भावांच्या जोड्या लावायच्या, त्यांच्या पिलांच्याही तशाच, पिढ्यान्पिढ्या. नोंदींचा हा ढीग राइटांच्या वाट्याला आला. दुसरा कोणी असता तर कपाटात टाकून मोकळा झाला असता. राइटांनी तो आकड्यांत मांडला.

काय दिसलं? वजन घटलं, पिलं कमी झाली, जगण्याचं प्रमाण उतरलं. पण दोन वेगळ्या कुळांचा संकर करताच पुढची पिढी पुन्हा तरतरीत! यालाच संकर जोम म्हणतात. १९२२ साली राइटांनी जवळच्या नात्यातल्या प्रजननाची तीव्रता शून्य ते एक या मापात बसवली. वंशावळ हातात असली की कागद-पेन्सिलीवर उत्तर निघतं.

आता आपल्या आवडीचं, म्हणजे गणित. समजा एका जातीच्या वासरांचं ठराविक वयाचं सरासरी वजन २०० किलो, दुसरीचं २४०. मधली सरासरी २२०. संकरित वासरं २३१ किलोंची भरली, तर जोम ११ किलो, म्हणजे ५ टक्के. गंमत बघा, २३१ हे २४० पेक्षा कमीच आहे, तरी जोम आहे! मात्र तिन्ही गटांना चारा, गोठा, हवामान सारखं हवं. नाहीतर आपण पेंडच मोजत बसू.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. ही संकरित जनावरं आपापसांत लावली तर काय? राइटांचा हिशेब सांगतो, दोन कुळांच्या संकरातला निम्मा जोम पुढच्या पिढीत जातो. म्हणजे आपल्या उदाहरणात ११ चे साडेपाच किलो. तीन कुळं असतील तर एक तृतीयांश जातो. मला हे वाचल्यावर आमच्या गावाकडचे गोठे आठवले. होल्स्टिन वळूपासून झालेली गाय गावठी गाईपेक्षा जास्त दूध देते, ते सगळं संकराच्या खात्यावर मांडतात. खरं तर त्यातला बराच भाग होल्स्टिन मुळातच दुधाळ असण्याचा. आणि संकरित गाईला संकरितच वळू दाखवून पहिल्यासारखीच कालवड मागायची, म्हणजे अपेक्षाभंग ठरलेला. बिचाऱ्या कालवडीला दोष, आणि कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर!

राइट १९२६ साली शिकागो विद्यापीठात गेले. तिथं १९३१ मध्ये आयोवाचे जे लश त्यांचे वर्ग ऐकायला आले आणि हेच गणित त्यांनी गाई, डुकरांच्या पैदाशीत नेलं. फळ्यावर लिहिताना राइट काखेतल्या गिनीपिगनंच फळा पुसतात, अशी एक दंतकथा विद्यार्थ्यांत होती. राइट स्वतः ती नाकारायचे!

शिकागोहून निवृत्त झाल्यावर ते मॅडिसनला गेले. १९६८ ते १९७८ या काळात त्यांचा चार खंडांचा ग्रंथ आला, म्हणजे शेवटचा खंड वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास! बर्फावर पाय घसरून पडल्याचं निमित्त झालं आणि ३ मार्च १९८८ ला, वयाच्या ९८ व्या वर्षी ते गेले. संकरित वासराचं वजन करताना आई-बापांच्या जातींची सरासरीही शेजारी लिहायची, एवढी सवय आपल्या गोठ्यांना लागली तरी खूप झालं.