हाफकिन आणि ५३-एन नंबरची बाटली

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीवर बारीक अक्षरात बॅच नंबर असतो. पुण्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये बघा. आपण त्याकडे लक्ष देत नाही, पण तपासणीला आलेल्या सरकारी निरीक्षकासाठी तोच धागा असतो. अशाच एका नंबरापायी वाल्देमार हाफकिन यांचं आयुष्य उलटंपालटं झालं.

हाफकिन १८६० साली ओडेसात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मग पुण्यालाही त्याने ग्रासलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये हाफकिननी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली.

३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना ही लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती: ५३-एन.

चौकशी आयोगाने बोट दाखवलं मुंबईच्या प्रयोगशाळेकडे. लस निर्जंतुक ठेवण्यासाठीचं कार्बोलिक ॲसिड वगळून हाफकिननी फक्त उष्णतेवर भर दिला होता, तिथेच चूक धरली गेली. त्यांचं संचालकपद गेलं.

खरं तर गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते कलकत्त्याला परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये लोझानला त्यांचं निधन झालं.

बाटली कुठली, हे नंबराने लगेच सांगितलं. घाण कुठे शिरली, हे मात्र त्याने सांगितलं नाही. म्हणूनच आज वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांखाली तपासणी होते ती कारखान्यातल्या बॅचच्या नोंदी, निर्जंतुकीकरण, साठवण आणि विक्रीची बिलं अशा सगळ्या टप्प्यांची. विक्रेताही त्यातून सुटत नाही. एकच टप्पा बघून निकाल दिला, तर दोष तसाच राहतो आणि शिक्षा भलत्यालाच होते.

तेव्हा पुढच्या वेळी बिल मागून घ्या आणि त्यावरचा बॅच नंबर डबीवरच्या नंबराशी जुळतोय का, ते बघा.