कर्तव्याचा उपासक : इमॅन्युएल कांट

तत्त्वज्ञानाच्या तासाला कांटचे नाव प्रथम ऐकले, तेव्हा हा माणूस आपल्या कामाचा नाही असेच मला वाटले होते. ‘निरुपाधिक आदेश’ हे जड शब्द वहीत उतरवून घेतले आणि वही मिटली. पुढे ग्रंथालयात त्याचे चरित्र हाती आले आणि ती वही पुन्हा उघडावी लागली.

इमॅन्युएल कांटचा जन्म २२ एप्रिल १७२४ रोजी प्रशियातील क्योनिग्सबर्ग या शहरी झाला. वडील घोड्यांचा चामडी साज शिवणारे कारागीर. साज करणारे आणि खोगीर करणारे यांच्यात धंद्याच्या हक्कांवरून तंटा पेटला, तेव्हाही घरात प्रतिपक्षाविषयी वाईट शब्द निघाला नाही, ही आठवण कांटने म्हातारपणापर्यंत जपली. मला वाटते, नीतीचा पहिला धडा त्याला तिथेच मिळाला.

तेराव्या वर्षी आई गेली, विद्यार्थिदशेत वडील गेले. मग काही वर्षे त्याने परक्यांच्या घरी राहून मुलांना शिकविले. १७५५ पासून तो विद्यापीठात शिकवू लागला, पण पगार नव्हता. विद्यार्थी देतील त्या फीवर गुजराण! प्राध्यापकपद मिळाले ते १७७० साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. त्याने लग्न केले नाही, आणि आपला प्रांतही तो कधी सोडून गेला नाही. त्याच्या फिरायला जाण्यावरून लोक घड्याळे लावीत, अशी आख्यायिका आहे.

१७८५ साली त्याने नीतीची मूलतत्त्वे सांगणारा छोटा ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे : कृतीचे मोल तिच्या फळावर नसून हेतूवर असते. जो नियम सर्वांनी पाळावा असे मला मनापासून म्हणता येईल, त्याच नियमाने मी वागावे. आणि कोणाही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये.

हे वाचताना मला गेल्या वर्षीची गोष्ट आठवली. एका मित्राच्या नंबराला मी हजेरी दिली होती. त्यात कुणाचे काय बिघडले, असे तेव्हा वाटले. पण सगळ्यांनीच तसे केले तर हजेरीला अर्थच उरत नाही. माझे खोटे खपले, कारण बाकीचे खरे बोलत होते. नियम सर्वांसाठी, सूट मात्र माझ्यासाठी! कांटने नेमके इथेच बोट ठेवले आहे.

त्याची स्वतःची कसोटीही लागली. धर्मावरील लेखनाबद्दल १७९४ साली राजा दुसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने त्याला सक्त ताकीद दिली. राजाचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने आपण धर्मावर मौन पाळू, असे कांटने लिहून दिले. १७९७ मध्ये राजा वारला. वचन त्याच राजापुरते होते, असे मानून पुढल्या वर्षी कांटने पुन्हा लिहिले. ते शब्द आपण मुद्दाम योजले होते, हेही त्याने सांगून टाकले. खुन्याशीही खोटे बोलू नये असे १७९७ मध्येच लिहिणाऱ्याने ही पळवाट ठेवावी? तो खोटे बोलला नाही हे खरे. पण राजाची समजूत वेगळी झाली असणार, हे त्याला ठाऊक नव्हते काय? माझे मन अजून निर्णय देत नाही. मात्र नियम पाळणे त्यालाही सोपे गेले नाही, हे पाहून तो मला अधिक जवळचा वाटतो.

१२ फेब्रुवारी १८०४ रोजी कांट वारला. त्याचे शहर आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे.

यंदा मित्राने पुन्हा हजेरीचे विचारले. मी नाही म्हणालो. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.