गॅब्रिएला मिस्त्राल : चिली देशाच्या 'बाई'

विद्यार्थी मित्रांनो, आज वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. नकाशाची वही उघडा आणि दक्षिण अमेरिकेचं पान काढा. डाव्या कडेला वरून खाली एक लांबच लांब पट्टी दिसेल, अगदी एखाद्या वाळत घातलेल्या मिरचीसारखी. हा चिली देश. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर आणि सरासरी रुंदी दोनशे किलोमीटरसुद्धा नाही! एका बाजूला अँडीज पर्वत, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर. वर अटाकामाचं कोरडं वाळवंट, तर खाली बर्फ आणि बोचरे वारे.

अशा देशाची ओळख करून घ्यायची तर कोणाचं बोट धरावं? आपण एका बाईंचं बोट धरूया. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, बरं का! त्यांनी हा देश वरपासून खालपर्यंत शिकवत शिकवत पालथा घातला. त्यांचं नाव गॅब्रिएला मिस्त्राल.

जन्म आणि बालपण

गॅब्रिएला मिस्त्राल हे त्यांचं टोपणनाव. खरं नाव लुसिला गोदॉय अल्कायागा. त्यांचा जन्म ७ एप्रिल १८८९ रोजी चिलीच्या उत्तर भागातील विकुन्या या गावी झाला. हे गाव एल्की नदीच्या खोऱ्यात आहे. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर आणि मध्ये नदीकाठी द्राक्षांचे मळे, अंजिराची झाडं.

लुसिलाच्या अंगात स्पॅनिश आणि मूळ रहिवासी अशा दोन्ही वंशांचं रक्त होतं. चिलीतल्या बहुतेक लोकांची गोष्ट अशीच आहे. सोळाव्या शतकात स्पेनचे लोक तिथे आले आणि त्यांनी सत्ता बसवली. १८१८ मध्ये चिलीने स्वातंत्र्य जाहीर केलं. भाषा मात्र स्पॅनिशच राहिली.

लुसिलाचे वडील शिक्षक होते. ती तीन वर्षांची असताना ते घर सोडून निघून गेले. आई शिवणकाम करायची. आईची पहिली मुलगी एमेलिना ही लुसिलापेक्षा खूप मोठी होती आणि मोंतेग्रांदे या छोट्याशा गावात शिक्षिका होती. तिच्या पगारावर घर चालायचं. लुसिलाची पहिली बाई म्हणजे ही बहीणच.

शाळेत आलेला आळ

पुढे लुसिलाला विकुन्याच्या शाळेत घातलं. ती अबोल आणि लाजाळू होती. वर्गात कागद वाटायचं काम तिच्याकडे आलं. मुली जास्त मागायच्या आणि हिला नाही म्हणता यायचं नाही. कागद वेळेआधीच संपले. झालं! चोरीचा आळ तिच्यावर आला. स्वतःची बाजू मांडायला तिच्या तोंडून शब्द फुटेना. शाळेबाहेर मुलींनी तिला दगड मारले. या मुलीला शिक्षण झेपणार नाही, असं घरी कळवण्यात आलं. लुसिलाची शाळा सुटली. हा प्रसंग त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत.

विचार करा, त्या दिवशी एमेलिनानेही हात टेकले असते तर? पण तिने बहिणीला घरीच शिकवलं. पुस्तकं मिळतील तिथून मिळवून लुसिला वाचत राहिली.

पंधराव्या वर्षी शिक्षिका

घरात पैशांची ओढाताण होती. पंधराव्या वर्षीच लुसिला ला सेरेना शहराजवळच्या एका खेड्यात मदतनीस शिक्षिका झाली. वर्गात पाच वर्षांची पोरं होती आणि तिच्यापेक्षा वयाने मोठे असे निरक्षर तरुणही होते!

त्याच काळात ती स्थानिक वर्तमानपत्रांत लिहू लागली. मुलींनाही शिकायला मिळालं पाहिजे, हे तिचं म्हणणं. शिक्षिका व्हायचं तर रीतसर प्रशिक्षण हवं, म्हणून तिने ला सेरेनाच्या अध्यापिका विद्यालयात अर्ज केला. तिथे तिला प्रवेश नाकारण्यात आला. तिचं लेखन धर्माला धरून नाही, असा आक्षेप होता. म्हणजे एका शाळेने ती शिकण्याच्या लायकीची नाही म्हटलं आणि दुसरीने शिकवण्याच्या!

अखेर १९१० मध्ये त्यांनी राजधानी सँटियागो इथे बाहेरून परीक्षा दिली आणि शिकवण्याचा परवाना मिळवला. इथून त्यांचा खरा प्रवास सुरू झाला. आता पुन्हा नकाशा जवळ घ्या.

वाळवंटापासून बर्फापर्यंत

१९११ – अँटोफगास्टा. हे वरचं, वाळवंटाच्या काठावरचं बंदर. हा भाग चिलीने १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियाकडून जिंकला होता. कारण काय, तर वाळवंटातलं सोरामीठ. खत आणि स्फोटकांसाठी जगभर त्याला मागणी होती. देशाच्या तिजोरीत पैसा येत होता, पण खाणीतले मजूर हलाखीतच राहत होते.

१९१२ – लोस आंदेस. अँडीजच्या पायथ्याचं गाव. इथे त्यांनी सहा वर्षं काढली. त्यांच्या ओळखीचा एक रेल्वे कर्मचारी तरुणपणीच मरण पावला होता. मृत्यूवर लिहिलेल्या त्यांच्या सुनीतांना १९१४ मध्ये सँटियागोच्या काव्यस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि गॅब्रिएला मिस्त्राल हे नाव देशाला कळलं.

१९१८ – पुंता अरेनास. आता बोट एकदम खाली आणा, मॅगेलनच्या सामुद्रधुनीपर्यंत. अँटोफगास्टापासून तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर! हिवाळ्यात दिवस चटकन मावळतो आणि वारा थांबत नाही. मेंढपाळीसाठी मोठमोठी कुरणं तयार करताना इथल्या सेल्कनाम या मूळ रहिवाशांची शिकार केल्यासारखी कत्तल झाली होती. त्या प्रदेशाचं एकाकीपण मिस्त्राल यांच्या कवितेत उतरलं.

१९२० – तेमुको. आता थोडं वर या. हा मापुचे लोकांचा मुलूख. या लोकांनी स्पेनच्या राजवटीला जवळपास तीनशे वर्षं दाद दिली नव्हती. स्वतंत्र चिलीच्या सैन्याने १८८३ पर्यंत त्यांची जमीन ताब्यात घेतली. या गावात सोळा वर्षांचा एक बुजरा मुलगा मुख्याध्यापिका बाईंना भेटायला यायचा. बाई त्याला रशियन कादंबऱ्या वाचायला द्यायच्या. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला कवी पाब्लो नेरुदा! साहित्याचं नोबेल मिळवणारे चिलीचे दोघेही कवी एकाच वेळी या लहानशा गावात होते.

१९२१ – सँटियागो. राजधानीतल्या मुलींच्या नव्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. लगेच कुरबुर सुरू झाली. यांच्याकडे पदवी कुठे आहे? पंधरा-सोळा वर्षं शिकवल्यानंतरही तोच प्रश्न!

देशाबाहेर

१९२२ मध्ये मेक्सिकोचे शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी त्यांना बोलावून घेतलं. क्रांतीतून बाहेर पडलेल्या त्या देशात खेड्यापाड्यांत शाळा आणि वाचनालयं उभी राहत होती. मिस्त्राल त्या कामाला लागल्या. त्याच वर्षी त्यांचा पहिला कवितासंग्रह 'देसोलासिओन' निघाला, तोही चिलीत नाही, न्यूयॉर्कमध्ये. या संग्रहात त्यांनी आपल्या रवींद्रनाथ टागोरांच्या कवितांवरही लिहिलं आहे. १९२४ च्या 'तेर्नुरा' या संग्रहात मुलांसाठी अंगाई आणि फेर धरून म्हणायची गाणी आहेत.

नंतर त्या चिलीच्या वाणिज्यदूत म्हणून युरोप आणि अमेरिका खंडांतल्या अनेक शहरांत राहिल्या. चिलीत त्या फक्त अधूनमधून आल्या. १९३८ च्या 'ताला' या संग्रहाची मिळकत त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात पोरक्या झालेल्या मुलांना दिली. १९४३ मध्ये त्यांनी मुलासारखा वाढवलेला भाचा अठराव्या वर्षी गेला. हे दुःख त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

नोबेल पुरस्कार

१९४५ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल जाहीर झालं. हा मान मिळवणाऱ्या त्या लॅटिन अमेरिकेतल्या पहिल्या साहित्यिक. आणि त्या वेळी चिलीतल्या स्त्रियांना राष्ट्राध्यक्ष निवडताना मत देण्याचाही हक्क नव्हता! तो हक्क १९४९ मध्ये मिळाला. चिलीचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार तर त्यांना १९५१ मध्ये दिला गेला, म्हणजे नोबेलनंतर तब्बल सहा वर्षांनी.

१० जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्कजवळ कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे मोंतेग्रांदे इथे त्यांची समाधी आहे. दक्षिण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आपल्या पुस्तकांचं मानधन त्यांनी त्याच गावातल्या मुलांच्या नावे केलं. आज चिलीच्या पाच हजार पेसोच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे.

शेवटी थोडंसं

त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये 'पोएमा दे चिले' हे पुस्तक आलं. त्यात मरण पावलेली एक बाई परत येते आणि चिलीच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे पायी चालत जाते. सोबत मूळ रहिवाशांपैकी एक लहान मुलगा आणि अँडीजमधलं एक हरीण. वाटेत ती मुलाला झाडं, पक्षी, डोंगर यांची नावं सांगते. म्हणजे बघा, गेल्यानंतरही बाईंनी शिकवणं काही सोडलं नाही. आणि विद्यार्थी कोण? ज्याची जमीन गेली, ज्याला कोणी शाळेत बसवलं नाही, तो मुलगा.

मुलांनो, तुमच्या वर्गातही एखादी अबोल मुलगी असेल. तिच्यावर आळ आला तर ती बोलणार नाही. गप्प राहिली म्हणजे चुकली, असं समजू नका. तिच्या शेजारी जाऊन बसा. आणि आम्हा शिक्षकांसाठीही यात एक धडा आहे. प्रगतिपुस्तकात आम्ही जो शेरा लिहितो, तो मूल फार वर्षं सोबत बाळगतं. लुसिलाला सावरायला एमेलिना होती. प्रत्येक मुलाला अशी बहीण मिळतेच असं नाही.

करून पहा : चिलीच्या कोऱ्या नकाशात विकुन्या, अँटोफगास्टा, लोस आंदेस, पुंता अरेनास, तेमुको आणि सँटियागो ही ठिकाणं दाखवा. बाई ज्या क्रमाने गेल्या त्या क्रमाने रेघ जोडा आणि प्रत्येक ठिकाणाबद्दल दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा.