पाळी जाणे, ठिसूळ हाडे आणि डॉ. फुलर अल्ब्राइट

पाळी गेल्यावर काही वर्षांनी पाठ वाकते, उंची घटते, साध्या पडण्याने मनगट मोडते. हे वयामुळेच होते असे घरोघरी अजून समजले जाते. यामागे इस्ट्रोजेनची कमतरता आहे हे दाखवून दिले डॉ. फुलर अल्ब्राइट यांनी. एमबीबीएसला आम्ही त्यांचे नाव दोन-तीन दुर्मिळ आजारांबरोबर पाठ केले होते. माणूस कळला तो पुष्कळ नंतर.

जन्म 1900 सालचा, अमेरिकेतील बफेलोचा. 1924 मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाले आणि आयुष्यभर बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलशी जोडलेले राहिले. त्यांची पद्धत चिकाटीची होती. रुग्णाला वॉर्डात ठेवायचे आणि खाण्यातून किती कॅल्शियम गेले, लघवी-शौचावाटे किती बाहेर पडले, हे दिवसेंदिवस मोजायचे. हाडे ठिसूळ झालेल्यांत पाळी गेलेल्या स्त्रियाच फार, हे त्यांच्या नजरेत भरले. अंडी घालण्याआधी मादी पक्ष्याच्या हाडांत कॅल्शियम साठते, हेही तोवर कळले होते. त्यांनी या स्त्रियांना इस्ट्रोजेन दिले आणि शरीरातून निघून जाणारे कॅल्शियम कमी झाले. 1941 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह हा आजार सविस्तर मांडला. गेलेले हाड मात्र पूर्ण भरून येत नव्हते. पुढची झीज थांबत होती. रुग्णांना मी आजही हेच सांगतो.

पस्तिशीच्या सुमारास त्यांना स्वतःलाच कंपवात जडला. हात थरथरत, बोलणे अडखळे, तरी वीसेक वर्षे काम सुटले नाही. 1956 मध्ये त्यांनी मेंदूची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ती नवी आणि जोखमीची होती. मेंदूत रक्तस्राव झाला. त्यानंतर ते बोलू शकले नाहीत. तेरा वर्षे अंथरुणाला खिळून 1969 मध्ये गेले.

1975 मध्ये कळले की गर्भाशय असताना नुसते इस्ट्रोजेन घेतल्यास त्याच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. म्हणून अशा स्त्रियांना सोबत प्रोजेस्टेरॉनसारखे औषध देतात. 2002 च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात या जोडउपचाराने फ्रॅक्चर कमी झाली, पण स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या थोड्या वाढल्या. त्यातल्या बऱ्याच स्त्रिया साठी ओलांडलेल्या होत्या, हे बातम्यांत हरवले. अंगातून वाफा येणे, रात्रीचा घाम, झोपमोड यांनी हैराण झालेल्या, साठीच्या आतल्या आणि पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला हे उपचार बहुधा फायद्याचे ठरतात. स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात किंवा गुठळी होऊन गेली असेल तर ते सहसा देत नाहीत, हे डॉक्टरांना आधी सांगा.