पान उलटून पाहणारा कर्नल

पावसाळी ट्रेकला गेलात की ओल्या कातळावर, झाडांच्या खोडांवर नेचे दिसतातच. फूल नाही, फळ नाही, म्हणून आपण सगळ्यांना सरसकट ‘फर्न’ म्हणतो आणि पुढे निघतो. रिचर्ड हेन्री बेडोम मात्र थांबायचा. वाकून पान उलटायचा.

१८३० मध्ये लंडनला जन्मलेल्या बेडोमचे वडील सॉलिसिटर. मुलगाही त्याच वाटेने जाणार असं ठरलेलं. पण १८४८ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. १८५६ मध्ये मद्रास इलाख्यात वनखातं सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख ह्यू क्लेगहॉर्न यांनी या तरुण लष्करी अधिकाऱ्याला सहायक म्हणून घेतलं. पुढे तोच खात्याचा प्रमुख झाला, थेट १८८२ पर्यंत.

आता गंमत बघा. सरकारला जंगलातून हवं होतं लाकूड. जहाजांसाठी साग, रेल्वेसाठी स्लीपर आणि जळण. नेच्याला बाजारात कवडीची किंमत नव्हती. तरी निलगिरी आणि अण्णामलाईच्या डोंगरांत फिरताना बेडोमने नेचे गोळा केले, तपासले, त्यांची वर्णनं लिहिली.

नेचा ओळखायचा कसा? वरून बघाल तर फसाल. खरी खूण बहुतेक वेळा पानाच्या पाठीवर असते. तिथले तपकिरी ठिपके किंवा रेषा म्हणजे बीजाणूंचे पुंजके. काहींत ते गोल, काहींत शिरेलगत लांबट, तर काहींत पानाच्या कडेने ओळीत. त्यांच्यावर झाकण आहे का, शिरा सुट्या आहेत की जाळीदार, हेही बघावं लागतं. शिवाय तो उगवला कुठे, हेही महत्त्वाचं. काही नेच्यांची पानं इतकी पातळ असतात की शिरा सोडल्या तर पेशींचा एकच थर! सतत धुकं आणि ओलावा असेल तिथेच ते तगतात. वरची झाडं तोडली, ऊन आत आलं, की संपलं.

१८६३ पासून त्याचं दक्षिण भारतातल्या नेच्यांवरचं पुस्तक येऊ लागलं. त्यात २७१ चित्रपत्रं आहेत. मग ब्रिटिश भारतातल्या नेच्यांचा ग्रंथ आणि १८८३ मध्ये सोबत नेता येईल असं हँडबुक. मधल्या काळात खापरखवल्या सापांच्या कितीतरी जातींची वर्णनंही त्याने केली!

त्याला हिरो करून टाकू नका, हं. तो वसाहतीच्या सरकारचा अधिकारी होता. मुखपृष्ठावर नाव त्याचं, पण त्याला वाटा दाखवणाऱ्या स्थानिकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्याच्या वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या गोविंदूसारख्या भारतीय चित्रकाराचं नावही किती जणांनी ऐकलंय?

बेडोम १९११ मध्ये लंडनला वारला. हँडबुक मात्र टिकलं. १९७४ मध्ये भारतीय अभ्यासकांनी त्यातली जुनी नावं आजच्या नावांशी जोडून देणारं पूरक पुस्तक काढलं. यंदा आंबोलीला गेलात तर एक नेचा न तोडता, अलगद उलटून बघा. मोबाइलने पानाच्या पाठीचा फोटो घ्या आणि तो कशावर उगवलाय तेही लिहून ठेवा. ओळख तिथूनच सुरू होते.